दिपोटी साहेबांची शेळी

फिरतीवरून घरी आलो की आमची ही मला आधी अंगणात उभं करायची. "झटका सगळं, मगच आत या!" कोट झटकला की धूळ पडायची, टोपी झटकली की किस्से! धूळ झाडून टाकता येते हो. किस्से मात्र साचत जातात. आता पेन्शनीत निघालो, तरी सात रस्त्याच्या चौकात तुम्ही टाळकी भेटलात की एक बाहेर येतो आणि त्याचं शेपूट धरून दुसरा. तर ऐका. मध्ये बोलायचं नाही, मला राग येतो.

मी सोलापूरच्या शाळाखात्यात कारकून. आमचे साहेब डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यापाड्यांत त्यांना दिपोटी म्हणत. सरकार शाळांना ग्रँट द्यायचं आणि ती ग्रँट सत्कारणी लागते का ते बघत साहेब जिल्हाभर हिंडायचे. मास्तर वाढवायचा का, नवा वर्ग द्यायचा का, शाळा ठेवायची का बंद करायची, सगळं साहेबांच्या एका शेऱ्यावर! बरोबर मी आणि शिपाई रुद्रप्पा. रुद्रप्पा अक्कलकोटकडचा. वाक्य मराठीत सुरू करायचा आणि कानडीत नेऊन सोडायचा.

साहेब कडक. मास्तर लोकांचं सोडा, ते कचेरीत आले की आमचं भिंतीवरचं घड्याळसुद्धा वेळेवर चालायचं.

*

साहेबांचा सगळा भर अचानक तपासणीवर. "नानाराव, सांगून गेलो तर शाळा दिसत नाही, सजावट दिसते!" त्यामुळे कुठल्या गावी जायचं ते मलासुद्धा दमणीत बसेपर्यंत कळायचं नाही. बैल जुंपले, आम्ही बसलो, दमणी गावाबाहेर पडली की मग हळूच गावाचं नाव.

आणि गावात पोचावं तर काय? शाळा सारवलेली, दाराला तोरण, पोरांच्या डोक्याला तेल, मास्तर धुतलेल्या धोतरात हात जोडून उभे! प्रत्येक गावात हेच! साहेब चिडायचे. "नानाराव, बातमी फुटते कुठून?" माझ्याकडे बघायचे. मी आकाशाकडे.

बातमी फुटायची साहेबांच्या पोटातून! पोट नाजूक. वैद्यांनी सांगितलेलं, सकाळी शेळीचं धारोष्ण दूध, बाकी काही नाही. म्हणून साहेब रुद्रप्पाला एकट्याला बाजूला घेऊन कानात सांगायचे, "परवा सकाळी अमक्या गावाला एक दुभती शेळी बांधून ठेव. कशाला ते कुणाला बोलू नकोस!"

रुद्रप्पा इमानी. कुणाला काही बोलायचा नाही. गावात निरोप द्यायचा फक्त शेळीचा.

शेळी चावडीपाशी बांधली की गाव शाळा सारवायला घ्यायचं.

*

एकदा सोलापुरातच, पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीतली शाळा तपासायची होती. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची पोरं. शाळेच्या दोन्ही अंगांना माग. दिवसभर खटक-खट, खटक-खट. साहेब येणार म्हणून मास्तरांनी मोठ्या आदरानं सगळे माग बंद ठेवायला सांगितलेले. वस्तीत अशी शांतता, की साहेब खूश झाले.

"हं! म्हणा पाढे."

पोरं गप्प! एक अक्षर नाही. मास्तरांना घाम. "अरे, काल तर पाठ म्हणत होता!" तेव्हा पुढच्या रांगेतलं एक चिमुरडं उठून म्हणालं, "सार, माग बंद हाय."

मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. धावत खिडकीशी गेले. "राजय्या! अरे राजय्या! माग चालू कर बाबा!"

पलीकडे खटक-खट सुरू झालं आणि इकडे अख्खा वर्ग डोलायला लागला. बे एके बे, बे दुणे चार! काय तो ठेका! तीनाचा झाला, चाराचा झाला, साहेबांची काठीसुद्धा जमिनीवर ताल धरायला लागली. सातापर्यंत गाडी सुसाट आली, आणि सात सक्कं म्हणून सगळी पोरं एकदम थांबली.

साहेब म्हणाले, "पुढे?"

चिमुरडं म्हणालं, "धागा तुटला, सार."

*

आता एका वाडीबद्दल सांगतो. ही नीट लक्षात ठेवा.

करमाळ्याच्या बाजूला धनगरांची वाडी. जेऊरला आगगाडीतून उतरायचं आणि पुढे दमणीत हाडं मोजत जायचं. शाळा चौथीपर्यंत, मास्तर एकच, तात्या मास्तर. तिथं एक पोरगी होती, हौसा. बाप बिरू मेंढरं राखायचा. पोरगी अशी चुणचुणीत, की साहेबांचा प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार.

साहेबांची एक सवय होती. प्रत्येक पोराची परीक्षा झाली की शेवटचा प्रश्न ठरलेला, "मोठेपणी कोण होणार?" पोर काहीतरी सांगायचं, फौजदार नाहीतर पैलवान. मग साहेब काठी बुटावर आपटायचे. "हं! खाली बस. पुढचा!"

हौसाला विचारलं, "मोठेपणी कोण होणार?"

"पाचवीत जानार."

"अगं, ते लहानपणी! मोठेपणी काय?"

"पाचवीत जानार!"

पण वाडीला पाचवी होती कुठं? पाचवी करमाळ्याला, आणि तिकडं पोरीला एकटीला धाडणार कोण? तात्या मास्तर दरवर्षी साहेबांपुढं हात जोडायचे, "पाचवी मंजूर करा, साहेब." साहेब म्हणायचे, "तात्या, थंडीच्या दिवसांत तुमची पोरं मेंढरांमागं जातात, शाळा ओस पडते. हजेरी नाही तिथं वर्ग दिला तर सरकार मला विचारेल. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षी आम्ही जायचो. हौसा चौथीतच! पुन्हा परीक्षा, पुन्हा चौथी पास, पुन्हा पुढच्या वर्षी पाहू. जिल्ह्यात चौथी पास झालेली पोरं पुष्कळ होती हो, पण दरवर्षी चौथी पास होणारी ही एकच!

*

अक्कलकोटकडं एका गावात पोरांची घरची भाषा कानडी, शाळा मराठी. साहेबांनी भूगोलाचा प्रश्न विचारला. पोरं टकामका बघायला लागली. साहेब म्हणाले, "रुद्रप्पा, यांना कानडीत समजावून सांग."

रुद्रप्पानं समजावलं. पोरांनी फटाफट उत्तर दिलं. दुसरा प्रश्न, रुद्रप्पानं समजावला, उत्तर बरोबर. एक पोर चुकेल तर शपथ! साहेब इतके खूश, की शाळेला नवे नकाशे देण्याची शिफारस करून मोकळे झाले.

मला मात्र शंका आली. साहेबांचा प्रश्न दोन शब्दांचा आणि रुद्रप्पाचं कानडी मारुतीच्या शेपटासारखं लांब? परत येताना दमणीत हळूच विचारलं, "काय रे, खरं सांग, तू पोरांना उत्तर सांगत होतास?"

"हौद्री, होय की," रुद्रप्पा म्हणाला. लाज नाही, शरम नाही! "उत्तर सांगितल्याबिगर लेकरांना प्रश्न कसा कळंल, नानासाहेब?"

*

ग्रँट हजेरीवर असली की हजेरी कशी वाढते तेही ऐका.

माढ्याकडच्या एका गावात पाटलांनी मनावर घेतलेलं, आपल्या शाळेची ग्रँट कमी होता कामा नये. साहेब वर्गात शिरले. शाळा गच्च भरलेली! पहिलीच्या रांगेत पुढं चिल्लीपिल्ली आणि मागं एक गडी मांडी घालून बसलेला. हातात पाटी, आणि मिशा अशा की दोन्ही टोकांना लिंबं ठरावीत.

साहेबांनी त्याला उठवलं. "इयत्ता?"

"पयली."

"लग्न झालंय?"

"दोन."

साहेबांनी पाटलांकडं पाहिलं. पाटील शांतपणे म्हणाले, "जरा मागं पडलाय अब्यासात. पर येतो रोज."

*

आणि पृथ्वीचा गोल! सरकारी नियम असा, की शाळेत पृथ्वीचा गोल असलाच पाहिजे. आणि जिल्हा बोर्डानं अख्ख्या भागाला मिळून दिलेला गोल एक! मग काय करतील बिचारे मास्तर? शेळीची खबर आली की गोल पोत्यात घालून त्या गावी रवाना. तिथली तपासणी संपली, आमची दमणी हलली, की आडवाटेनं गडी गोल डोक्यावर घेऊन पुढच्या गावाला आमच्याआधी हजर!

साहेब काही आंधळे नव्हते. त्या गोलाला एका अंगाला पोचा होता, कुठल्याशा ओढ्यात पडून आलेला. एका गावी साहेबांनी गोल फिरवला, पोच्यावर बोट ठेवलं आणि मास्तरांकडं रोखून बघत म्हणाले, "मास्तर, ही पृथ्वी मी काल पलीकडच्या गावात पाहिली!"

मास्तर गरीब. घाबरून म्हणाले, "व्हय साहेब. सगळ्या गावांना मिळून एकच हाय की!"

साहेब तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसले. खांदे गदगदत होते. कडक माणूस हसताना दिसू नये, एवढंच!

*

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता हौसाच्या वाडीला गेलो, तर तिचा बाप बिरू स्वतः शाळेच्या दारात उभा. डोक्याला भलामोठा तांबडा पटका, खांद्यावर घोंगडं. साहेबांना म्हणाला, "साएब, पाचवी द्या न्हाईतर नगा देऊ, मला काय बी न्हाय. पर औंदा न्हाय दिली तर उन्हाळ्यात पोरीचं लगीन उरकतो. चवथीत किती दिस बसवायची? कोंबडी बी अंड्यावर एवढी बसत न्हाय!"

सगळे हसले. हौसा हसली नाही. दाराआड उभी राहून साहेबांच्या तोंडाकडं बघत होती.

साहेबांच्या तोंडी आलेलंच, "पुढच्या..." आणि गिळलं. "तात्या," म्हणाले, "थंडीत हजेरी दाखवा. भरलेली शाळा दाखवा, मग बघू."

तात्या मास्तर काय दाखवणार? दिवाळी झाली की वाडी उठून मेंढरांमागं जायची, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दमणीत मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, त्या पोरीचं वाटोळं होणार!" आयुष्यात पहिल्यांदा साहेबांना तोंड वर करून बोललो. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "नानाराव, रिकाम्या शाळेला वर्ग कसा देऊ?" ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

*

मग शेळीचं बिंग फुटलं. बार्शीच्या बाजूला एका शाळेत साहेब पहिलीच्या पोरांशी जरा लाडानं बोलायला गेले. "बाळ, मी कोण सांग बघू?"

"दिपोटी."

"शाबास! आणि दिपोटीचं काम काय?"

पोरगं म्हणालं, "शेळीचं दूद प्यायाचं."

"कुणी सांगितलं तुला?"

"समद्यांस्नी ठावं हाय. शेळी बांदली की दिपोटी येतो!"

साहेबांनी सावकाश मान वळवून रुद्रप्पाकडं पाहिलं. रुद्रप्पा म्हणाला, "अय्यो देवरे!" आणि बैलांना पाणी दाखवायला म्हणून गेला. बैल पाण्याला लागत नव्हते, तरी दिवस मावळेपर्यंत पाजत बसला होता.

*

त्या दिवसापासून साहेबांनी शेळीचं दूध सोडलं! पोट दुखतंय, तोंड कडू झालंय, पण हट्ट म्हणजे हट्ट. "आता बघतो कशी फुटते बातमी!" आणि थंडीत एक दिवस जेऊरला उतरून दमणीत बसल्यावर नाव निघालं, वाडी! तात्या मास्तरांना कळवायला ना शेळी, ना काही.

वाडीत पोचलो. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. घरं बंद, शाळेला कुलूप. पारावर एक म्हातारा ऊन खात बसलेला.

साहेब म्हणाले, "आजोबा, शाळा कुठाय?"

"चरायला गेलीया."

"शाळा?"

"व्हय की! मेंढरं गेली, मेंढरांमागं पोरं गेली, पोरांमागं मास्तर गेला. मग शाळा एकटी हितं काय करंल?"

"कुठं गेलीय?"

म्हाताऱ्यानं काठीनं माळावर पडलेल्या लेंड्या दाखवल्या. "ह्येच्या मागनं जावा."

आणि सरकारी तपासणी लेंड्यांच्या मागावर निघाली! पुढं रुद्रप्पा वाकून माग काढतोय, मागं साहेब कोट सांभाळत. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. नियमाप्रमाणं शाळा इमारतीत भरली पाहिजे. माळावर भरलेली साहेबांनी पाहिली, की पाचवी गेली, आणि आहे ती चौथीही जायची!

ऊन चांगलं वर आल्यावर एका काळ्या रानात मेंढरं बसवलेली दिसली. शेतमालक खतासाठी बसवून घेतात तशी. कडेला बाभळीच्या फांदीला फळा टांगलेला. खाली घोंगड्यांवर पोरांच्या रांगा. भरगच्च! वाडीतली तर होतीच, शेजारच्या तळावरची पोरं आणि पोरीसुद्धा येऊन बसलेल्या.

आणि फळ्यापुढं उभे होते आमचे साहेब!

म्हणजे आमचे साहेब माझ्या शेजारी होते हो. फळ्यापुढं हौसा होती! डोक्याला बापाचा तांबडा पटका, अंगात घोंगड्याचा कोट, हातात बाभळीचा फोक. तात्या मास्तर पोरांची भीती मोडावी म्हणून रोज तपासणीची तालीम घ्यायचे. मग दिपोटी कोणाला करायचं? दिपोटींना सगळ्यांत जास्त वेळा पाहिलंय कोणी?

काय हुबेहूब! तीच भुवई, तेच घसा खाकरणं. एक पोर चुकलं तर तोच दम! "मोठेपणी कोन होनार? फौजदार? हं! खाली बस. पुढचा!" आणि फोक पायावर सटकन.

तेवढ्यात तात्या मास्तरांनी आम्हाला पाहिलं. हातातला खडू गळून पडला. पलीकडं बिरू उभा होता, उघड्या डोक्यानं. "मला काय बी न्हाय" म्हणणारा हा बाप रोज आपला पटका पोरीला देऊन असा उन्हात उभा राहत होता! तोही गारठला. एक कोकरू तेवढं ओरडत होतं.

हौसानं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी हौसाकडं पाहिलं.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तर साहेब वाकून बूट काढत होते! बूट काढले, काठी आडवी ठेवली आणि शेवटच्या रांगेच्या टोकाला घोंगड्यावर मांडी घालून बसले. मला हातानं खुणावलं, बसा. मी बसलो. माझ्या पलीकडं रुद्रप्पा बसला.

हौसानं पटका सारखा केला. पळाली नाही, रडली नाही. "पुढचा!" म्हणाली. एकेक पोर उठत होतं, उत्तर देत होतं, खाली बसत होतं. रांग संपत आली. हौसा साहेबांपुढं येऊन उभी राहिली. आवाज साहेबांचाच.

"हं! नाव?"

साहेब उठले. हात बांधले. नाव सांगितलं.

"मोठेपणी कोन होनार?"

"पाचवी देणार."

"कवा? पुढच्या वर्षी?"

"याच वर्षी, बाई."

हौसाचे डोळे भरून आले. घोंगड्याच्या बाहीनं तिनं ते पुसले, घसा खाकरला आणि फोक पायावर सटकन मारला.

"हं! खाली बस. पुढचा!"

साहेब खाली बसले. मी आपला बघतच राहिलो. तसं साहेबांनी माझ्या बरगडीत कोपर मारलं.

"उठा नानाराव! बाई विचारताहेत!"